पडद्याआडचं रोप

सोमवारी सकाळी आठ वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरापुढे पार जिन्यापर्यंत माणसं उभी होती. चपला बाहेर काढून एकेक जण आतल्या खोलीत जात होता. पडदे घट्ट ओढलेले, पलंगावर त्या घरातले आजारी वडील आणि उशाशी कुंडीत एक सक्युलंट. आणलं तेव्हा ते मुठीएवढं होतं, जाड पानांचं, मिटल्या कमळासारखं गच्च. आता वीतभर उंच झालं होतं, रंग फिकट, पानापानांत बोटभर अंतर. लोक हात जोडून बाहेर पडत होते.

रोप तात्यांनी दिलेलं. तात्या पूर्वी काय करत हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. सध्या ते दुखणी उतरवत; उशाशी ठेवलेलं रोप रोग्याचं दुखणं शोषून घेतं आणि वाढतं, असं सांगत. नियम दोनच. पडदे उघडायचे नाहीत, उजेडाने शोषण थांबतं. आणि औषधं बंद, औषधांनी रोपाचा अपमान होतो. "देठ नाही तो, रोग्याची नाडी आहे," ते सांगत. "झाड बोलत नाही, म्हणून खोटंही बोलत नाही." रोप वाढलं तर गुण तात्यांचा, कुजलं तर दुखणं जबर, आणि होतं तेवढंच राहिलं तर घरच्यांची श्रद्धा तोकडी. सगळ्या वाटा तात्यांच्याच दारात जात.

त्यांना घरी आणलं धाकट्या मुलाने. थोरली मुलगी, ताई, शाळेत विज्ञान शिकवते. तिने आधी विरोध केला. भाऊ म्हणाला, "तुझ्या डॉक्टरांनी इतकी वर्षं काय दिवे लावले?" रोजची कटकट नको म्हणून ती गप्प बसली. मग रोप खरंच वाढलं, पायाची जखम दुखायची थांबली असं वडील म्हणू लागले, आणि फ्रिजमधलं इन्सुलिन तिनेच मागच्या कोपऱ्यात सरकवलं.

त्या सकाळी वडील हाकेला ओ देईनात. रांग तशीच उभी असताना डॉक्टर आल्या. पाय पाहायला उजेड हवा म्हणून त्यांनी पडदा सारला. अंगठा काळा पडला होता.

"दुखत नव्हता हो त्यांना," ताई म्हणाली.

"दुखणार कसा? पायाची जाणीवच गेलीय."

डॉक्टरांनी साखर तपासली आणि रुग्णवाहिका बोलावली. हात पुसताना त्यांचं लक्ष कुंडीकडे गेलं. "याला ऊन मिळत नाही वाटतं. माझंही असंच लांबलं होतं, कपाटावर ठेवलं होतं तेव्हा. उजेड शोधत ताणतात ही." मग सहज विचारलं, "तुम्ही शिक्षिका ना? काय शिकवता?"

खिडकीचा पडदा ताईने स्वतःच्या हाताने शिवून जाड केला होता.

दुपारी ती वडिलांचे कपडे न्यायला परतली, तेव्हा जिन्यात माणसं होतीच. तात्यांचा फोन बंद होता. तिने कुंडी बाहेर आणली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं: हा चमत्कार नाही, उपासमार आहे. अंधारात ठेवलं की हे रोप लांबतंच, मग घरात रोगी असो वा नसो. पडदे ओढायला लावले तिथेच सगळी करामत झाली. तुमचं दुखणं कुठेही गेलेलं नाही. औषधं थांबवली असतील तर आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा.

"आणि रोप?" कुणीतरी विचारलं.

ताणलेला देठ पुन्हा आखूड होत नाही, ती म्हणाली. शेंडा कापायचा, काप वाळू द्यायचा, मग कोरड्या भुसभुशीत मातीत लावायचा. बुंधा ठेवायचा, तोही फुटतो. खिडकीत ठेवायचं, पण एकदम कडक उन्हात नाही.

समोरच्या घरातल्या काकू ऐकत होत्या. त्यांच्या यजमानांच्या उशाशीही तसलंच रोप होतं, आणि त्यांच्या दम्याच्या गोळ्या बंद होत्या.

"आम्ही तात्यांवर कुठे विश्वास ठेवला, बाई?" त्या म्हणाल्या. "विज्ञानवाल्या बाईंच्या घरात आहे म्हटल्यावर आणलं."

काकूंनी दार लावून घेतलं.

पाय राहील की नाही, ते डॉक्टर उद्या सांगणार आहेत. समोरच्या घराचे पडदे संध्याकाळपर्यंत उघडलेले नव्हते.