मागे भरलेली नाव

आर्णीहून महागावकडे जाताना जीपमागची ट्रॉली डावी-उजवी झोकांड्या खाऊ लागली, तेव्हा जमीरला कळलं, ट्रॉलीवरची नाव उलाळ भरली गेलीय. सगळा भार मागे. आपल्या गॅरेजमधून निघताना त्यानं नावेचं इंजिन आणि पेट्रोलचे डबे स्वतः तिच्या पुढच्या अंगाला बांधले होते. ट्रॉलीचा थोडा भार जीपच्या हुकावर दाबलेला हवाच. नाही तर वेगात ती शेपूट हलवते आणि जीपलाच घेऊन जाते.

"काका, इंजिन कोणं मागं नेलं?"

"म्या नेलं," शेजारी बसलेला बाबूसिंग म्हणाला. "तू डिझेल आणाले गेलता तवा. जीपची मान दबून राह्यलती. बैल असो का जीप, मानेवर ओझं देत नसतेत."

पिढ्यानपिढ्या मालाची वाहतूक केलेल्या घरचा माणूस. गाडी भरावी तर बाबूसिंगनंच, असं तांड्यात म्हणत. त्या नावलौकिकानंच आज घात केला. शहाण्याला सांगायचं कोणी?

"थांबून पुढं घेतो. नाही तं हे ट्रॉली आपल्यालेच फेकते."

"थांबला तं गळा आवळीन!" बाबूसिंगनं नुसतं म्हटलं नाही, त्याची मानगूट खरंच धरली. "पोरगी बुडून राह्यली अन् तू बैलगाडी हाकतं काय?"

फुलसावंगीच्या पुढं बाबूसिंगच्या तांड्यात नाल्याचा पूर शिरला होता. त्याची एकुलती लेक रंजिता तान्ह्या लेकराला घेऊन घराच्या छतावर उभी होती. सरकारी बोट अजून निघालीही नव्हती. जवळपास होती ती ही एकच, जमीरकडे दुरुस्तीला आलेली नाव.

जमीरनं पाय सैल केला. ट्रॉली शांत झाली. तेवढ्यात बाबूसिंगनं आपला बूट जमीरच्या पायावर हाणला आणि ऍक्सिलरेटर खाली दाबून धरला. जमीरनं कोपर त्याच्या तोंडावर मारलं, दात पडला, तरी बूट हलला नाही. उतार लागला, काटा ऐंशीच्या पुढं गेला आणि ट्रॉली पिसाळली.

ब्रेक दाबायचा नाही, स्टेअरिंग सरळ धरायचं, जमीर स्वतःला बजावत होता. सरळ धरलंही असतं त्यानं. पण बाबूसिंग घाबरला आणि बिथरलेल्या बैलाचा कासरा ओढावा तसं त्यानं स्टेअरिंग ओढलं.

जीप दोनदा पलटली. नाव दोर तोडून उडाली आणि पुलाच्या कठड्यावर आपटून उभी चिरली.

जमीर फुटल्या काचेतून रांगत बाहेर आला. कान फाटून लोंबत होता. हाताला जॅकचा दांडा लागला, आणि त्याच्या डोक्यात रक्त चढलं. बाबूसिंग बाहेर येताच त्यानं दांडा त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला.

"मार," फुटलेल्या नावेकडे बघत बाबूसिंग म्हणाला. "अजून मार."

दांडा आता त्याच्या डोक्यावर उठला होता. जमीर त्याला खरंच ठार मारणार होता. तेवढ्यात बाबूसिंगच्या खिशातला फोन वाजला. त्याचा हात उचलेना, म्हणून जमीरनंच काढून कानाला लावला.

"बा, पाणी छतावर आलं!"

"मी जमीर बोलतो, ताई. नाव फुटली. लेकराले पोटाशी बांध अन् बाजूच्या चिंचेवर चढ. आत्ताच."

"नाही! बा म्हणे, हलू नोको, मी येतो. बा आल्याबिगर मी छत सोडत नाही. बाले फोन द्या."

जमीरनं फोन पुढं केला. बाबूसिंगनं मान हलवली. धड हातानं त्यानं जमीरला जवळ ओढलं आणि कानाशी पुटपुटला, "सांग, बा मेला. मी जिता हाय तवर ते पोरगी वाटच पाहीन."

जमीरनं दांडा टाकून दिला. काळजावर दगड ठेवून त्यानं सांगितलं, "ताई, गाडी पलटली. बा गेले."

पलीकडून असा टाहो फुटला की बाबूसिंगनं आपला हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून फेटा तोंडात कोंबला. टाहो कितीतरी वेळ चालला. मग फोन तिनं पोलक्यात खोचला असावा. पाण्याचा घोंगाट, लेकराचं रडणं, आणि मग फांद्या मोडल्याचा आवाज.

"चढून राह्यली," जमीर म्हणाला.

बाबूसिंगनं फेटा तोंडातून काढला नाही.