नवाबला घेऊन वाशिमला

मित्रांनो, बाजारात संत्र्यांची प्लास्टिकची कॅरेटं तुम्ही पाहता ना, मी त्यांच्या आधीच्या पिढीतली. मी एक जुनी लाकडी संत्रापेटी आहे. कारंजा लाडच्या एका आरागिरणीत हलक्या फळ्या ठोकून मला तयार केलं. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवली होती, कारण फळांनाही हवा लागते. पोटात तणसाची मऊ गादी आणि तिच्यावर संत्री घेऊन मी खूप फिरले. कुठल्याही बाजारात आधी माझा वास पोचायचा, मग मी.

पुढे कॅरेटं आली. ती धुता येत, एकावर एक रचता येत, त्यांचा खिळा कुणाच्या हाताला लागत नसे. माझ्या बरोबरीच्या पेट्या चुलीत गेल्या. मी वाचले, कारण मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ फळांची गाडी लावणाऱ्या निजामुद्दीनचाचांनी मला घरी नेलं.

काय दिवस होते ते! संध्याकाळी चाचा मला अंगणात उपडी घालून माझ्यावर बसत. मग मेंदीच्या झाडाखालून नवाब निघे. नवाब म्हणजे त्यांचं कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी, आणि चाल अगदी नावाला शोभणारी. एका बागेत वाळलं गवत पेटलं होतं, तेव्हा चाचांनी त्याला धगीतून उचलून आणलं होतं. चाचा त्याच्यापुढे घोळाची भाजी टाकत आणि दिवसभराचं सगळं त्याला सांगत. कोणत्या गिऱ्हाइकाने किती घासाघीस केली, कोणती बस बंद पडली.

अख्तरीचाची दारातून म्हणायची, "बायकोले नाई सांगत इतकं, कासवाले सांगून राह्यले!"

मागच्या वर्षी चाचा गेले. माझ्यावर बसणारं कुणी उरलं नाही. मोरीशेजारी पोटात कोळसे घेऊन मी पडून राहिले. त्यांचा मुलगा उजैर मोटारसायकली दुरुस्त करतो. आईला चिखलाचा त्रास नको म्हणून त्याने अख्ख्या अंगणात फरशी बसवली. मेंदीचं झाडही काढलं. घर चकाचक झालं.

आणि या हिवाळ्यात नवाबने खाणं सोडलं. तो कोपऱ्या-कोपऱ्यात फिरे, फरशीवर मागचे पाय घासत राही, मग मान आत ओढून पडून राही. चाचीने काकडी दिली, जास्वंदीचं फूल दिलं. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"वाशिमले डॉक्टरकडं नेते याले," चाची म्हणाली.

उजैर जरा घुटमळला. "अम्मी, असं कासव घरी पाळायले मनाई हाये. तिथं नेलं तर ते ठेवून घेतीन."

चाची बराच वेळ नवाबच्या पाठीवरून बोट फिरवत बसली. "तुह्या अब्बाच्या साऱ्या गोष्टी यालेच ठाऊक हायेत," ती शेवटी म्हणाली. "पण दुसरीकडं जिवंत राह्यला, तर मी त्याची याद काढीन. माह्या हातात मेला, तर काय करू?"

उजैरने कापडी थैली आणली. चाचीने ती परत केली, "दम घुटीन त्याचा." मग बादली आणली. नवाब बादलीच्या काठावर चढायला गेला, घसरला आणि पाठीवर पडला. चाचीने झटकन त्याला सुलटा केला. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

कोळसे ओतून मला घासून धुतलं, उन्हात वाळवलं. उजैरने वर आलेले खिळे ठोकून बसवले. तळाला पोतं आणि त्यावर टॉवेल अंथरला, म्हणजे पाय घसरणार नाहीत. दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावल्या, म्हणजे बस वळली तरी तो आपटणार नाही. थंडी होती, म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात बसवली. पाण्याचं भांडं मात्र ठेवलं नाही. ते सांडून तो गारठला असता. वर फळी, फळीवर सुतळी.

एसटीत चढताच कंडक्टर म्हणाला, "मावशी, पेटी डिक्कीत टाका."

"आत जीव हाये, बापा."

"कोंबडी हाये का?"

"कासव हाये. बिमार हाये."

कंडक्टरने माझ्या फटीला डोळा लावून पाहिलं. मग म्हणाला, "इकडं पुढं बसा. मागं लय उडते गाडी." आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "गड्ड्यातून जरा सावकाश घे रे, पेशंट हाये!"

चाचीने मला मांडीवर सपाट धरलं. वाटभर तिने हात हलवला नाही. आयुष्यात मी कितीतरी संत्री वाहिली, पण एवढं जड ओझं मला कधी वाटलं नव्हतं.

दवाखान्यातल्या निकिता मॅडमनी एक्स-रे काढला आणि त्या हसल्या. "चाची, हा नवाब नाही, बेगम आहे! पोटात अंडी अडकली आहेत. अंडी घालायला तिला माती उकरायची होती. घरी माती नाही का?"

"फरशी हाये," चाची म्हणाली.

"बरं झालं लगेच आणलंत. अजून थांबला असतात तर वाचली नसती."

इंजेक्शन दिलं, कोमट पाण्यात बसवलं, मग मातीने भरलेल्या टोपल्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने अंडी घातली आणि पालकाचं पान खाल्लं. जोडीदार नसल्याने त्या अंड्यांतून पिल्लं निघणार नव्हती. पण ती वाचली होती.

मग मॅडमनी वनविभागाला कळवलं. चाचीने काही लपवलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "सोडसान तवा मले बोलावसान का?"

बेगम पूर्ण बरी झाल्यावर वनविभागाने बोलावलं. वनरक्षक बाबूसिंग म्हणाले, "पेटी तुमचीच आणा, मावशी. ओळखीची जागा असली की जनावर घाबरत नाही." माळाच्या कडेला, गवताजवळ त्यांनी माझी सुतळी सोडली. बेगमने मान बाहेर काढली, वारा हुंगला. चाचीने तिला दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवलं. ती गवतात शिरली आणि एकदाही मागे न पाहता निघून गेली.

"गेली बी! ना सलाम, ना दुवा!" चाची म्हणाली, आणि हसली. चाचा गेल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

मित्रांनो, मुक्या जिवाला दवाखान्यात नेताना त्याला हवा मिळेल, त्याचे पाय टेकतील, त्याला धक्का बसणार नाही, एवढं पाहा. आणि तो आपल्याला परत मिळेल की नाही, या विचाराने उशीर करू नका. आमच्या चाचीने केला नाही, म्हणून आज त्या गवतातून कुणीतरी नवाबी चालीने चाललं आहे.