मागचा ब्रेक

टर्नरने ब्रेकच्या पाइपचं तोंड नीट फुलवलं, बोटाने चाचपलं आणि नट आवळला.

"दाब," तो गाडीखालून ओरडला.

वर सीटवर बसलेल्या लेकीने पेडल दाबलं.

"दाबलं."

"धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडू नकोस हं."

त्याने हवा काढायचं निपल सैल केलं. तेल आलं, पण त्यात एकही बुडबुडा नव्हता. पाइपात हवा नव्हती, गळतीही नव्हती. टर्नरला आनंद व्हायला हवा होता, पण तो उलट चिडला. दोष अजून सापडलाच नव्हता.

कारखाना सुटून वर्षं झाली तरी सगळे त्याला टर्नरच म्हणत. ही जुनी छोटी गाडी त्याने हौसेने बदलली होती. मोठं इंजिन, मागेसुद्धा डिस्क ब्रेक. मागच्या चाकांना किती दाब जाऊ द्यायचा, हे ठरवणारा पितळी व्हॉल्व्ह तर त्याने स्वतः लेथवर घडवला होता. सगळं कसं चोख! पण बायको गेली आणि गाडीला काय झालं कोण जाणे. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं जागीच अडकायची आणि गाडी मागून फिरायची. परवा ती अशीच फिरून भिंतीला घासली. कळल्याबरोबर लेक तडक आली. आज गाडी सरळ थांबली नाही तर किल्ली ती घेऊन जाणार होती. घरात बोलायला कुणी नव्हतं. बाहेर पडायला निदान ही गाडी होती.

"पॅड बदलले, डिस्क बदलल्या, आता पाइप," लेक म्हणाली. "बाबा, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं तर नाही ना चाललंय?"

"मला शिकवू नकोस. बस गाडीत."

ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पाने आणि तेलाचे डबे पसरले होते, म्हणून ती मागे बसली. गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर टर्नरने गाडी पळवली आणि पाय दाबला. गाडी नाक खाली करून थांबली. अगदी सरळ.

"थांबली की!" लेक हसली. "पाइपच होते म्हणजे."

टर्नर आरशातून मागे पाहत राहिला.

"उतर जरा," तो म्हणाला. "कडेला उभी राहा."

या वेळी तो एकटा गेला. ब्रेक मारताच मागची चाकं किंचाळली आणि गाडी आडवी झाली. लेक धावत आली. तो स्टिअरिंग धरून तसाच बसला होता.

"तुझ्या आईचा गुडघा," तो म्हणाला. "पुढे पाय आखडायचा. मागेच बसायची, सीटभर पाय पसरून. म्हणायची, ड्रायव्हर, जरा हळू."

"माहितीये, बाबा."

"व्हॉल्व्ह बसवला तेव्हाही मागेच होती. तिचं वजन धरूनच लावलाय तो."

मागचा भार कमी झाला की मागचा ब्रेक कमी करायचा, हे नवशिक्यालाही सुचलं असतं. टर्नरने इतके दिवस पाइप कापण्यात घालवले होते.

त्याने पाना घेतला आणि गाडीखाली गेला. व्हॉल्व्ह जाम असावा, असं त्याला फार वाटत होतं. पण आटे त्याच्याच हातचे. पाना सहज फिरला, मागचा दाब कमी झाला.

मग तो पुन्हा एकटाच गेला आणि जोरात ब्रेक मारला. गाडी रेषेत थांबली. लेकीने लांबूनच टाळ्या वाजवल्या.

तो परत आला, उतरला, आणि किल्ली तिच्यापुढे धरली.

"अहो बाबा, आता कशाला?" ती म्हणाली. "थांबली ना सरळ?"

"हो ना," टर्नर म्हणाला. "तिच्याशिवाय थांबली."