दोऱ्यानं मोजलेलं टोरांटो

मी पृथ्वीगोल. लोणारच्या शाळेत पंचवीस वर्षं फिरलो. आता चांगुणाबाईंच्या शिलाई मशीनवर उभा आहे, आणि कालपासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

माझ्या प्रशांत महासागरात एक पोचा आहे. वर्गात टेबलावरून पडलो होतो. मुलं हसायची, "याच्यावरही उल्का पडली काय बे?" शाळेनं मला मोडीत काढलं तेव्हा भूगोलाचे पंजाबराव सर मला छातीशी धरून घरी घेऊन आले.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. त्यांच्या पत्नी चांगुणाबाईंनी मला कपाटावर ठेवलं. मी तक्रार केली नाही.

त्यांची लेक मनाली टोरांटोला असते. पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण. तिनं आईला तिकीट पाठवलं, संभाजीनगर ते दिल्ली आणि दिल्ली ते टोरांटो. बाईंना विमानाची धास्ती. नणंद छायाबाईंनी तिकीट वाचलं.

"वहिनी, दिल्लीहून रात्री दोनले निघते, आठले पोचते. सहाच तास! आपली एसटी पुण्याले याच्याहून जास्त लावते."

"सहाच? मंग येईन म्हणून सांग तिले."

काल दुपारी टोरांटो कुठं आहे ते पाहायला बाईंनी मला खाली काढलं. हात शिलाईचा, मापाशिवाय राहील कसा! रिळाचा दोरा संभाजीनगरपासून दिल्लीपर्यंत धरून तोडला. हा तिकिटावरच्या दोन तासांचा तुकडा. मग दिल्लीहून टोरांटोकडं दुसरा दोरा ताणला, तर तो घसरत घसरत पार वर, माझ्या बर्फाच्या टोपीकडं गेला. मला गुदगुल्या झाल्या! लहान तुकडा त्या लांब दोऱ्यावर बारा वेळा बसला.

बाई थबकल्या. "छाया, बारा दुणे चोवीस होते. सहा तासात कसं जाईन हे?"

"तिकिटावर तर तसंच लिवलं हाये."

"तिकीट काही म्हणो. दोरा खोटं नाही बोलत."

मला कारण ठाऊक होतं. पण तोंड कुठून आणू?

बाईंनी फोन लावला. मनाली नुकतीच उठली होती.

"काऊन फसवून राह्यली मले? चोवीस तास आभाळात?"

"फसवलं नाही वो आई. आठ म्हणजे इथले सकाळचे आठ. तवा आपल्या घरी संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. अकरा हजार सहाशे किलोमीटर हाये ते. लांबचं विमान एकदा वर चढलं का वेगानं जाते, साडेपंधरा तास लागतात." मग ती हळूच म्हणाली, "जमत नसन तर राहू दे. मी करीन कसंतरी."

बाईंचं बोट टोरांटोवरच होतं.

"साडेपंधराच? मी तर चोवीस धरले होते वं! साडेआठ तास वाचले की!"

पलीकडून हसू आलं, की रडू, मला कळलं नाही.

"वहिनी," छायाबाई म्हणाल्या, "सहाले नुसत्या तयार झाल्या, पंधराले खूश झाल्या!"

"तू गप बस. बॅग काढ."

आणि बॅगेत मीही! नातवंडाला गाव दाखवायचं म्हणे. बाळाच्या दुपट्यांच्या मधोमध माझी जागा ठरली आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ धूळ खात असेल, तर त्याला खाली काढा, दोरा घ्या आणि आपलं माणूस किती लांब आहे ते एकदा मोजून पाहा.

येतो मी. बाईंना खिडकीजवळची जागा आहे, आणि बॅग पायाशीच राहणार. बॅगेची चेन थोडी उघडी राहिली, तर मी स्वतःलाच वरून पाहीन. रंग तरी बरोबर दिलेत का, कळेल.