पसाऱ्याचा पेटारा

“पण डॉक्टर, पसाऱ्याला विचारलंय का कोणी, त्याला यायचंय का ते?”

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या घरातल्या मुलीने हे विचारले. बाबांनी छताकडे पाहिले. आईने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. बाकावरच्या बाईंच्या मांडीतले मांजरसुद्धा मान वळवून बघू लागले.

मित्रांनो, ही पैज होती. आदल्या संध्याकाळी तिच्या तीन मैत्रिणी माझ्याभोवती फतकल मारून बसल्या होत्या (त्यातली एक तर थेट माझ्या डोक्यावर!) आणि म्हणाल्या होत्या, “विचार डॉक्टरांना, सगळ्यांसमोर. आहे हिंमत?” गेल्या वर्षी आमच्या मुलीने असे काही विचारले नसते. तेव्हा ती हजेरीच्या वेळी इतक्या हळू ‘हजर’ म्हणायची की तिची गैरहजेरी लागायची. पण यंदा शाळेच्या नाटकात तिला राक्षसाचे काम मिळाले. तिच्या पहिल्याच आरोळीला मागच्या रांगेतले शिक्षक दचकून जागे झाले. तेव्हापासून तिचा मामा तिला ‘तोफ’ म्हणतो. तर तोफेने पैज जिंकली.

आता मी कोण, ते सांगतो. मी एक जुना पेटारा आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे हं! कुत्र्यामांजरांना विमानाने न्यायचा, दाराला जाळी असलेला मोठा प्लास्टिकचा पेटारा. आई मला पिंजरा म्हणते. बाबा मला ‘ते धूड’ म्हणतात. मला स्वतःला विचाराल तर मी एक खोली आहे. लहान आहे, पण खोलीच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेले प्लास्टिक साच्यात ओतून माझे दोन अर्धे भाग बनवले, एक खालचा आणि एक वरचा. मग एका यंत्राने माझ्या अंगाला भोकेच भोके पाडली. मला वाटले, झाले, मी फुकट गेलो! पुढे कळले की त्या भोकांमधून हवा येते आणि ती नसतील तर माझा काही उपयोगच नाही.

मला पहिल्यांदा घेतले ते पूल बांधणाऱ्या एका इंजिनियर बाईंनी. त्यांची पांढरी, गुबगुबीत कुत्री माझ्यात बसून समुद्रापलीकडे गेली आणि परतही आली. विमानाच्या पोटात अंधार असतो आणि इंजिनाची घरघर असते. पण ती माझ्या भिंतीला पाठ टेकून घोरत होती. उतरवून घेणारे हमाल म्हणाले, “पेटारा मजबूत आहे बरं का!” मी त्या दिवशी किती फुगलो असेन, सांगता येत नाही.

मग ती कुत्री म्हातारी झाली, आणि एक दिवस नव्हती. बाईंना माझ्याकडे बघवेना. त्यांनी मला कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात देऊन टाकले. ते दुकान मामाचे. तिथे माझ्या पोटात जुन्या ट्यूबा, गंजलेल्या चेन आणि एक पाय नसलेले स्टूल राहू लागले. पंक्चर काढून होईपर्यंत लोक माझ्यावर बसत. मामा वाईट नाही, पण मला तो येताजाता लाथेने सरकवायचा. आत कोणाचा तरी श्वास ऐकून मला कितीतरी काळ झाला होता.

आणि मग बाबांच्या कंपनीने त्यांना दुसऱ्या देशात कामाला जायला सांगितले. मामाने मला साबणाने खसाखसा घासले, स्कूटरला मागे बांधले आणि बहिणीच्या घरी आणून उतरवले.

दारात एक तपकिरी कुत्रा उभा होता. एक कान वर, एक खाली. हा पिल्लू म्हणून घरात आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने चपला, वर्तमानपत्रे आणि बाबांचा एक मोजा घरभर पांगवला होता. आई ओरडली, “अरे, काय हा पसारा!” आणि तो शेपटी हलवत तिच्याकडे धावला, जणू आपल्यालाच हाक मारली. झाले! तेच नाव पडले. आता सामान बांधताना आई दिवसातून कितीदा तरी म्हणते, “पसारा कमी करा, पसारा कमी करा.” आणि पसारा दर वेळी मान खाली घालून सोफ्याखाली जातो.

पण माझ्यात तो पाऊल टाकीना. माझ्या अंगाला ग्रीसचा वास होता ना! बाबांनी आत बिस्किट ठेवले. पसाऱ्याने मागचे पाय बाहेर ठेवूनच मान लांबवली, बिस्किट उचलले आणि धूम ठोकली.

“असं नाही बाबा. सरका,” तोफ म्हणाली आणि स्वतःच माझ्यात शिरली. गुडघे हनुवटीला लावून, वेणी जाळीत अडकवून घेऊन बसली आणि हाका मारू लागली, “ये! ये रे पसाऱ्या! ये, ये, ये!”

तो आला! इतक्या वर्षांनी माझ्या भिंतींना कोणाच्या तरी बरगड्या घासल्या. मग रोज तेच. तोफ ‘ये’ म्हणायची, पसारा आत पळायचा, बिस्किट मिळायचे. हळूहळू ती बाहेर बसूनच ‘ये’ म्हणू लागली, तरी तो सरळ माझ्यात. सगळे खूश.

आणि तिथेच घोटाळा झाला. एका संध्याकाळी मामा चहा पिऊन उठला, चपला पायात सरकवल्या आणि रोजच्यासारखा म्हणाला, “बरं, येतो गं ताई.”

पसारा सोफ्याखालून सुटला तो बाणासारखा माझ्यात! आत बसून बिस्किटासाठी जिभल्या चाटत बघू लागला.

“अरे, मी तुला नाही म्हटलं,” मामा म्हणाला.

आमच्या घरात निघताना ‘जातो’ म्हटलेले आईला खपत नाही. जाणारा प्रत्येक जण ‘येतो’ म्हणूनच बाहेर पडतो. शेजारच्या काकू दारातून “येते हं” म्हणाल्या, की पसारा आत. बाबा फोनवर “हो, हो, येतो” म्हणाले, की पसारा आत. जाणाऱ्याला निरोप द्यायला घरात कोणी उरलेच नाही, सगळे हसत जमिनीवर!

अशा आनंदात आम्ही दवाखान्यात गेलो. मामाने टेंपो आणला होता. डॉक्टरबाईंनी पसाऱ्याच्या मानेतली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप यंत्राने तपासली, लशींच्या तारखा बघितल्या, मग टेप घेऊन त्याला मोजले आणि मलाही. त्याला माझ्यात ताठ उभे राहता आले, गोल फिरता आले, पाय पसरून झोपता आले. मी पास झालो!

“वाटेत त्रास नको म्हणून झोपेचं औषध देऊया का?” बाबांनी विचारले.

“छे! विमानात गुंगीचं औषध नको. तोल जातो, श्वासाला त्रास होतो. त्यापेक्षा पेटाऱ्याची सवय करा.”

आणि तेव्हा तोफेने तो प्रश्न विचारला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. “कोणी विचारलं नसेल, तर तू विचार. दार उघडं ठेव. खाऊ नाही, हाक नाही, ढकलाढकली नाही. आपल्या पायांनी आत गेला आणि निवांत झोपला, की समज हो म्हणाला.”

“आणि नाही गेला तर?”

“तर नाही म्हणाला. घाबरलेलं जनावर आत कोंडलं, तर ते दाराला दात लावतं, नखं मोडून घेतं. एवढ्या लांबच्या प्रवासात ते नकोच. मग इथेच कोणा मायेच्या माणसाकडे ठेवा.”

“मी आहे की!” मामा म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले तसा तो खाली वाकून माझी कडी तपासू लागला.

घरी आल्यावर तोफेने हॉलच्या मधोमध उभे राहून जाहीर केले, “आजपासून या घरात ‘येतो’ बंद! म्हणजे त्याचं खरं उत्तर कळेल.”

मित्रांनो, एक शब्द बंद झाला तर माणसांची काय तारांबळ उडते! मामा दारात उभा राहून डोके खाजवायचा आणि म्हणायचा, “बरं ताई, मी आता… इथे नसेन.” बाबा नुसताच हात हलवून निघायचे, की आई मागून ओरडायची, “अहो, काही बोलून तरी जा!” काकू तर दारात अडकूनच पडायच्या आणि आणखी अर्धा तास गप्पा मारायच्या.

पण पसारा काही येईना. माझे दार सताड उघडे होते. आत तोफेचा जुना, कोपरावर विरलेला स्वेटर अंथरला होता. तो यायचा, वास घ्यायचा, माझ्याकडे बघायचा आणि सोफ्याखाली जाऊन झोपायचा. निघायचा दिवस जवळ येत होता. मला पुन्हा ट्यूबा आणि चेन दिसू लागल्या. पण खरे सांगतो, त्याला आत कोंबून जाळीचे दार लावलेले मला जास्त लागले असते. मग आईचेच खरे झाले असते, मी पिंजराच ठरलो असतो.

बाबांचा धीर सुटला. “अगं, एकदा ‘येतो’ म्हण ना! तो जाईल आत, आपण दार लावू. विषय संपला.”

“बाबा, ती फसवणूक झाली.”

“तो कुत्रा आहे. कुत्र्याला कोण विचारतं? मला तरी कोणी विचारलं? कंपनी म्हणाली जा, निघालो.”

“तुम्ही हो म्हणाला होतात. मी दाराआडून ऐकलंय. तुम्हाला विचारलं होतं.” तोफेचा आवाज एकदम खाली आला, जुन्या हजेरीच्या वेळेसारखा. “मलाच नव्हतं विचारलं.”

आईच्या हातात चिकटपट्टीचे रीळ होते. ते तिने खोक्यावर ठेवले आणि ती खाली जमिनीवर बसली, लेकीशेजारी.

“नाही विचारलं,” आई म्हणाली. “चुकलंच आमचं. तू गप्प होतीस, आम्हाला वाटलं तुला चालेल. आता विचारते. तुला यायचंय का गं?”

तोफ बराच वेळ पसाऱ्याच्या पडलेल्या कानाशी खेळत राहिली. “माहीत नाही. विचार करून सांगू?”

“सांग,” बाबा म्हणाले. ते कधी येऊन पलीकडे बसले, मलाही कळले नाही. “आम्ही थांबतो.”

दुसऱ्या दिवशी सामानवाले आले. पलंग गेला, कपाट गेले, जेवणाचे टेबल गेले. मग सोफाही गेला. पसाऱ्याची जागा म्हणजे जमिनीवर केसांचा एक चौकोन तेवढा उरला. त्याने तो हुंगला. रिकाम्या खोलीत त्याच्या नखांचा टकटक आवाज घुमत होता. तो स्वयंपाकघरात गेला, परत आला, खिडकीशी गेला, परत आला.

मामा माझ्यापाशी उकिडवा बसला होता. माझे दोन भाग जोडणाऱ्या प्लास्टिकच्या चापांवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने दुकानातून लोखंडी नटबोल्ट आणले होते. तो एकेक बोल्ट आवळत होता आणि पुटपुटत होता, “एवढ्या लांब जायचं तर नीट जा बाबा. कुठे खडखडायला नको.” ज्याने मला लाथेने सरकवले, तोच मामा आता माझ्यावर पाना इतका हळुवार फिरवत होता की मला गुदगुल्या झाल्या.

आणि पसारा आला. मामाच्या हाताखालून वाकून तो सरळ माझ्यात शिरला. गोल फिरला, पुन्हा एकदा गोल फिरला, स्वेटर पंजांनी उकरून गोळा केला आणि त्यावर धपकन बसला. मग हनुवटी माझ्या उंबऱ्यावर टेकवून त्याने एक लांब, गरम श्वास सोडला. कोणी हाक मारली नव्हती. कोणी ‘येतो’ म्हटले नव्हते.

मामाचा पाना हवेतच थांबला. तो नुसता खोकला असता, तर पसारा उठून बाहेर आला असता आणि इथे मामाकडेच राहिला असता. पण मामा खोकला नाही. त्याने ओठांवर बोट ठेवले आणि दुसऱ्या हाताने तोफेला खूण केली. मग ग्रीसच्याच हाताने नाक पुसले, त्यामुळे त्याला छान मिशी आली.

तोफ पोटावर सरपटत आली आणि खांद्यापर्यंत माझ्यात शिरली. पसाऱ्याने डोळेही उघडले नाहीत, फक्त शेपटी एकदा माझ्या भिंतीवर आपटली. दोघांचे श्वास माझ्या भोकाभोकांतून बाहेर जात होते. मित्रांनो, मला त्या क्षणी कोणी पेटारा म्हटले असते, पिंजरा म्हटले असते, धूड म्हटले असते, तरी चालले असते.

तर जाता जाता… नाही, चुकलो, आमच्या घरात असे म्हणत नाहीत. तर निघता निघता तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल, तर त्याला खाली काढा, घासा, आत एक मऊ कापड घाला. आणि कोणालाही त्यात न्यायचे असेल, मग त्याला शेपटी असो की वेणी, तर दार आधी उघडे ठेवा. जरा वेळ लागेल. लागू द्या.

आई आणि बाबा दाराशी उभे होते. माझ्या आतून तोफेचा आवाज आला, घुमत, अगदी राक्षसाच्या आरोळीसारखा दणदणीत:

“आई, बाबा, ठरलं आमचं. आम्ही दोघं येतो!”