केरीचा पाऊस

सुविधाने तिसऱ्यांदा एन्टर दाबलं आणि पडद्यावर पुन्हा लाल ओळ आली.

देवकीने बोट पुढे केलं, मग हात मांडीखाली दाबून धरला. मदत करायची नाही, हीच तर अट. तिची पीएचडी एका लेखावर अडली होती, आणि संपादकांनी कळवलं होतं: आकडे, प्रोग्राम सगळ्यांसाठी खुले ठेवा, प्रोग्राम कधी न पाहिलेल्या माणसालाही तुमच्या सूचना वाचून तेच उत्तर काढता आलं पाहिजे. मुदत आज पाचपर्यंत. धारगळच्या घरात असा माणूस कुठून आणायचा? म्हणून ही केरीहून बोलावलेली, अकरावीतली मावसबहीण.

"ताय, हंय सॉफ्टवेअराची जुनी आवृत्ती लिवलंस. माझ्या लॅपटॉपार नवी आसा."

"सूचना वाच. माका विचारू नको."

"वाचतंय गो. पण तू लिवलेला वाचूक झोप येता."

देवकी हसली नाही. सहा वर्षं ती पेडणे तालुक्यातल्या केरीच्या विहिरींचा खारेपणा मोजत होती. तिचं म्हणणं एका ओळीचं होतं: पाऊस भरपूर पडूनही पाणी खारट होतंय.

साडेतीनला उत्तर आलं. शेवटच्या दशांशापर्यंत देवकीचंच.

तिने भिंतीला डोकं टेकवलं. "जाला. चाय घे. डब्यात पाव आसात."

सुविधा उठली नाही. ती तक्ता खाली खाली सरकवत होती.

"ताय, आमच्या केरीत इतको पाऊस खंय पडता? ह्यो सत्तरी तालुक्यातल्या केरीचो. घाटाकडच्या."

देवकीने लॅपटॉप जवळ ओढला. एक केरी समुद्रावर, दुसरी घाटाखाली. इंग्रजीत दोघींचं स्पेलिंग एकच. प्रोग्रामने नुसतं नाव बघून दुसऱ्याच केरीच्या पावसाचे आकडे जोडले होते. सहा वर्षं, प्रत्येक वेळी, न चुकता.

तिने पेडण्याच्या पावसाचे आकडे घातले. ज्या वर्षी पाऊस कमी, त्याच वर्षी पाणी खारट. एवढं केरीत कुणीही सांगितलं असतं.

"मी बोलाक नको होतां," सुविधा म्हणाली.

लेख पाठवायचं पान उघडंच होतं. देवकीने ते बंद केलं, खुल्या प्रोग्रामच्या पानावर जाऊन चुकांच्या यादीत नवी नोंद सुरू केली.

"तुझा नाव इंग्रजीत कसा लिवतस?"

"कित्याक?"

"चूक कोणी सोदली, तां लिवचा लागता."

सुविधाने एकेक अक्षर हळू सांगितलं. पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती.