सबिहाच्या कागदांची फाईल

मी निळ्या प्लॅस्टिकची, टिचबटणाची एक फाईल बोलतेय. लातूरला शिकवण्यांच्या गल्लीतल्या एका दुकानात आम्ही शेकडो जणी दोरीला टांगलेल्या होतो. एका जूनमध्ये हदगावहून पाशामियाँ आपल्या लेकीला, सबिहाला, घेऊन आले. ते गाद्या भरणारे. दाढीत कापूस अडकलेला. बायको वारल्यापासून घरात ही दोघंच. त्यांनी माझं बटण दोनदा लावून पाहिलं, दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि टीसी माझ्यात ठेवली आणि म्हणाले, "जपून ठेव, बेटा. डॉक्टरचे कागद हायेत."

सबिहा केवळाबाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. सोबत सुकन्या नावाची मुलगी होती. पहिल्या वर्षी दोघींनाही नीटमध्ये कमी मार्क पडले. दुसऱ्या वर्षी सुकन्याला मेडिकल मिळालं. गादी गुंडाळून ती गेली, आणि तिच्या उघड्या पलंगावर सबिहानं मला ठेवलं. स्वतःचा निकाल तिनं माझ्यात सगळ्यात मागं सरकवला. फोनवर म्हणाली, "अब्बा, निकाल लागायचा हाय अजून."

त्यानंतर रोज क्लासच्या वेळेला ती मला छातीशी धरून बाहेर पडायची आणि बसस्टँडच्या बाकावर बसून राहायची. घराकडं जाणारी नांदेडची गाडी लागली की उठायची, पुन्हा बसायची. दिवसभरात तिच्याशी कुणी एक शब्द बोलत नसे.

केवळाबाईंच्या ते लक्षात आलं. एका दुपारी भाकरी घेऊन त्या वर आल्या. "क्लासला जात न्हाईस तू. मला कळत न्हाई व्हय?"

सबिहा रडायला लागली. केवळाबाई भूकंपानंतर खेड्यातून लातूरला आलेल्या. लुगडं जरा वर करून त्यांनी पोटरीवरचा व्रण दाखवला. "भिंतीखाली सापडला होता पाय. डॉक्टर येऊन बघून जायचा. पन बारा दिवस पू पुसला तो नर्स पोरीनं. तिचं नाव बी इचारलं न्हाई मी." ताट उचलताना म्हणाल्या, "त्याची बी शाळा असती म्हनं. बघ."

सबिहा शोधू लागली. रस्त्यावर एक पाटी दिसली, 'नर्सिंगला थेट प्रवेश'. पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात एका चकचकीत कपड्यांतल्या माणसानं फॉर्म भरून घेतला आणि मूळ कागद मागितले. "तपासून देतो." एकेक कागद माझ्यातून गेला. परतताना माझ्यात झेरॉक्स होत्या आणि मागचा तो निकाल.

पुढच्या मंगळवारी ती नांदेडच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात नुसती चौकशीला गेली. तिथल्या सिस्टरनी मान्यता असलेल्या संस्थांची यादी तिच्यापुढं धरली. लातूरच्या त्या ऑफिसचं नाव यादीत नव्हतं.

"आमच्याकडं एएनएम, म्हणजे नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे," सिस्टर म्हणाल्या. "बारावीला किती?"

"सत्तर टक्के."

"मग भर की फॉर्म. शुक्रवार शेवटचा. मूळ कागद आण."

बुधवारी लातूरच्या ऑफिसात उत्तर मिळालं, "साहेब गावाला गेलेत. सोमवारी या." तिथल्याच जिन्यात बसून तिनं फोन लावला.

"अब्बा, मी खोटं बोलले. निकाल कवाच लागला. मी डॉक्टर न्हाई होणार." कागदांचंही तिनं सगळं सांगून टाकलं.

पलीकडे कापूस पिंजायचं यंत्र चालू होतं. ते बंद झालं.

"एकटीच हायेस?"

"हाव."

"येतो मी."

गुरुवारी सकाळी पाशामियाँ त्या ऑफिसच्या दारात रुमाल अंथरून बसले. "सोमवारपर्यंत बसतो आम्ही." प्रवेशाला आलेले आईबाप विचारायचे, "काय झालं, चाचा?" ते आवाज न चढवता सांगायचे, "लेकीचे कागद घेतलेत, देऊन न्हाई राहिले. यादीत नाव बी न्हाई यांचं." तीन-चार घरची माणसं जिन्यावरूनच परत फिरली. दुपारची नमाज त्यांनी तिथंच, त्याच रुमालावर पढली. तीनच्या सुमारास तो चकचकीत कपड्यांतला माणूस स्वतःच कागद घेऊन बाहेर आला.

सबिहा एकेक कागद माझ्यात ठेवत होती, तेव्हा मागचा निकाल पाशामियाँच्या हाताला लागला. त्यांनी तो पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. रागावले नाहीत.

शुक्रवारी फॉर्म गेला. यादी लागली तेव्हा सबिहा प्रतीक्षायादीत तिसरी होती. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दोघं सकाळपासून व्हरांड्यात उभी. संध्याकाळी पाचपर्यंत निवड झालेल्यांपैकी तीन मुली आल्याच नाहीत, आणि तिचं नाव पुकारलं गेलं.

मूळ कागद केंद्राच्या कपाटात गेले. होस्टेलच्या फाटकाशी सबिहानं मला अब्बांच्या हातात दिलं. "घरी न्या हिला. आता काम न्हाई." ती आत गेली. फाटक लागलं, तरी पाशामियाँ मला धरून तिथंच उभे होते.

आता मी हदगावला, दुकानातल्या फळीवर असते. उन्हाच्या तापानं सबिहाचे फॉर्मसाठी काढलेले, उरलेले दोन छोटे फोटो माझ्या प्लॅस्टिकला आतून चिकटलेत. दुकानाच्या पावत्या ठेवायला पाशामियाँनी मला एकदा खाली घेतलं, फोटो दिसले, पुन्हा वर ठेवलं. तिचा फोन रविवारी येतो. ड्यूटी असली की तोही येत नाही. त्या दिवशी यंत्र लवकर बंद होतं.

तुम्ही कधी हदगावला गादी भरायला टाकलीत, तर लगेच उठू नका. "लेक काय करते?" एवढं विचारा. पाशामियाँ मला खाली काढतील, बाहीनं पुसतील, फोटो दाखवतील. सांगायला जरा वेळ लावतील. तेवढं ऐकून जा.